चार नंबरचं अस्तर

सकाळी पावणेनऊला जिना उतरताना ताईच्या खुब्यातून टक् असा आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरून खाली येताना जिना जिथं वळतो, तिथं. मी तिच्या दोन पायऱ्या पुढं होतो. माझ्या हातात डबा, तिच्या खांद्याला कापडाची पिशवी. आवाज मोठा नव्हता. कुणी टेबलावर बटण ठेवावं तेवढाच. ताई थांबली नाही. थांबलो मी, आणि ती मागून म्हणाली, "चल की. वाटेत काय उभा राहतोस?" मी म्हटलं, "बुटाची नाडी." नाडी नीट होती. वाकून ती सोडली, पुन्हा बांधली, आणि तेवढा वेळ कान मागं लावून बसलो. ताई कठड्याला धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. या वेळी काही वाजलं नाही. मग आम्ही खाली उतरलो, रस्त्याला लागलो, ती दोऱ्यांच्या दुकानाकडं वळली आणि मी कामावर निघालो. वळून पाहिलं तर ती आपली झपाझप चालली होती, पिशवी हलवत. मी मात्र तिथंच उभा राहिलो. कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. ओळखीचा कसला, माझाच होता. साडेचार वर्षांपूर्वी मी तो मनानं बनवला होता आणि चार माणसांसमोर खरा म्हणून सांगितला होता.

मी कृत्रिम खुबे बनवणाऱ्या कंपनीत वजनं करतो. तेवीस वर्षं हेच काम. असा खुबा म्हणजे काय, हे मी इतक्या जणांना समजावलंय की झोपेतही सांगेन. कमरेच्या हाडात धातूची वाटी बसवतात. मांडीच्या हाडात दांडी, दांडीच्या टोकाला गुळगुळीत गोळा. गोळा वाटीत फिरायचा, पण धातूवर थेट फिरायला नको म्हणून मध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकचा जाडसर खोलगट तुकडा. कंपनीत त्याला लायनर म्हणतात. घरी त्याचं नाव अस्तर, आणि हे नाव ताईनं ठेवलंय. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच मला वाढवलं. पुढं तिचा नवरा गेल्यावर ती माझ्याकडं राहायला आली, आणि माझं लग्न तर राहूनच गेलं. चाळीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवतेय. ऑपरेशनच्या आधी मी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा ती चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली होती, "म्हणजे अस्तरच की. अस्तर नेहमी आधी जातं. वरचा कोट वीस वर्षं टिकतो, अस्तर काखेत फाटतं. तुमचं कुठं फाटतं?" मी हसलो होतो. म्हणालो, "आमचं फाटत नाही. मी स्वतः तपासलंय." हे वाक्य पुढं मी फार वापरलं. शेजाऱ्यांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, ताईला स्ट्रेचरवर घालून नेत होते तेव्हा तिचा हात धरूनही तेच सांगितलं.

कंपनीत मला काटा म्हणतात. समोर नाही, पण मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं. वजनाच्या खोलीत दगडी टेबल आहे, त्यावर काच लावलेला काटा. खोलीत कुणी शिंकलं तरी आकडा हलतो. मी अस्तर ठेवतो, काच सरकवतो आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखतो. तशी गरज नसते, काच असतेच. पण सवय पडून गेलीय. पलीकडच्या खोलीत चालण्याचं यंत्र. ते एकाच जागी उभं राहून चालतं. सहा खुबे एका ओळीत, प्रत्येकावर माणसाएवढा भार, सेकंदाला एक पाऊल, दिवसरात्र. भोवती पिवळट द्रव, चार दिवस झाले की ज्याचा वास कपड्यांना लागतो. दर पाच लाख पावलांनी यंत्र थांबवायचं, सहा अस्तरं काढायची, धुवायची, वाळवायची आणि किती झिजली ते वजनावरून काढायचं. सातवं अस्तर शेजारी त्याच द्रवात नुसतं बुडवून ठेवलेलं असतं. ते चालत नाही, बसून पीत राहतं, म्हणजे चालणाऱ्यांनी किती द्रव प्यायला याचा हिशेब लागतो. त्याला आम्ही जावईबापू म्हणतो. पन्नास लाख पावलं होईपर्यंत अडीच महिने जातात. या अडीच महिन्यांत ते यंत्र कुठंही पोचत नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत मला याची गंमत वाटायची. आज सकाळी त्या खोलीत शिरलो तर ते चालूच होतं, सहाच्या सहा पाय एकदम, आणि मला तिथं उभं राहवेना.

साडेचार वर्षांपूर्वी नव्या अस्तराची चाचणी होती. गोळा मोठा, म्हणून अस्तर पातळ. पाय जास्त फिरेल, खुबा निसटणार नाही, असा त्याचा फायदा. पंचेचाळीस लाखांपर्यंत सगळं छान चाललं होतं. शेवटच्या वजनाला चार नंबरची झीज बाकीच्यांच्या पाचपट निघाली. मी तीनदा वजन केलं. मग उजेडात धरलं तर काठाला नखाच्या कातरणीएवढी कपची उडालेली. मी तो ट्रेमध्ये ठेवून साहेबांकडं घेऊन गेलो. साहेब भला माणूस. माझा खोकला बरा झाला का ते आधी विचारलं, मग चार नंबर हातात घेऊन बराच वेळ पाहिला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. म्हणाले, "पडला-बिडला का तुमच्या हातून?" नाही म्हणायला मी तोंड उघडलं. खरोखर उघडलं होतं, मला अजून ती जिभेची जागा आठवते. तेवढ्यात ते म्हणाले, "आठवून बघा. माणूस आहे, होतं. पडला असेल तर तशी नोंद करा, तो वगळू, बाकी पाचांवर निकाल देऊ. नाहीतर मग सगळं पहिल्यापासून." आवाज इतका मायेचा होता. मी आठवून पाहिलं. आणि मला आठवलं! चिमटा ओला होता, सुटला, तो फरशीवर काठावर पडला आणि टक् असा आवाज झाला. हे सगळं मला त्या दोन-तीन सेकंदांत दिसलं, फरशीच्या रंगासकट. मी म्हटलं, "हो साहेब. पडला होता. बोललो नाही." आठवड्यानं चार जणांच्या बैठकीत पुन्हा विचारलं गेलं, कसा पडला, तेव्हा मी जीभ टाळूला लावून तो आवाजसुद्धा काढून दाखवला. एक जण हसला. सगळ्यांनी मला समजून घेतलं. इतक्या वर्षांत काट्याच्या हातून एक चूक झाली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. उलट दोन दिवस लोक माझ्याशी जास्त मोकळं बोलत होते.

ताईसाठी केलं असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. तेव्हा तिचे हाल बघवत नव्हते. तीन मजले ती बसून चढायची, पाठमोरी, एकेक पायरी हातांनी स्वतःला वर घेत, आणि वाटेत कुणी भेटलं की बसल्या बसल्या गप्पा मारायची, जणू हवा खायला बसलीय. मशीनचं पायडल एका पायानं मारायची. नव्या अस्तरांची पहिली खेप निघाली की कंपनीतल्यांच्या घरच्यांना आधी, असं ठरलं होतं. चाचणी पहिल्यापासून म्हणजे आणखी अडीच महिने, शिवाय आणखी प्रश्न. तर ताईसाठी. म्हणायला बरं वाटतं. पण त्या वेळी, साहेबांसमोर, ताई माझ्या डोक्यात नव्हती. डोक्यात काहीच नव्हतं. एका चांगल्या माणसानं मला उत्तर तयार करून दिलं होतं आणि ते परत करायला मला संकोच वाटला. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस खोटं बोलतो आणि मग तेच खोटं बहिणीच्या कमरेत शिवून टाकतो. याची मला आज सकाळी इतकी शरम वाटली की मी वजनाच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

दार लावलं तरी कान बंद होत नाहीत. खुबे वाजतात, हे मला माहीत आहे. खऱ्या खुब्यावरूनसुद्धा एखादी शीर सरकते, वाजते, काही होत नाही. डॉक्टरही तेच सांगतील. मी ते वाक्य मनात चारपाच वेळा म्हटलं. मग उठलो आणि परत आलेल्यांचा खण उघडला. पेशंटच्या शरीरातून काढावी लागलेली अस्तरं डॉक्टर कंपनीकडं पाठवतात. ती धुऊन, पिशवीत घालून या खणात ठेवतात. ते काम माझं नाही. पण खण माझ्याच खोलीत आहे, आणि यंदा त्या नव्या पातळ अस्तरांपैकी तीन आली आहेत हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि मी खण उघडला नव्हता. आज तिन्ही टेबलावर मांडली, भिंग लावलं. तिन्हींना एकाच ठिकाणी भेग. काठाजवळ अस्तराला बारीक खाचा असतात, त्या धातूच्या वाटीत अडकतात आणि अस्तर फिरत नाही. त्या खाचेच्या कोपऱ्यातून भेग निघून काठाला गेली होती. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी. पहिलीवर लिहिलं होतं, पेशंट पडली असावी. दुसरीवर, पेशंट पडला असावा. तिसरीवर, पडल्याचं पेशंट नाकारतो. पडण्याचा शोध मी लावला होता. आता सगळेच पडत होते. त्या तिसऱ्या माणसाचा मला हेवा वाटला. कुणी त्याला आठवून बघा म्हटलं असणार, आणि तो नाही म्हणाला होता.

साहेब दार वाजवून आत आले. मी भिंग खाली ठेवलं. त्यांनी खणाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "काही विशेष?" मी म्हटलं, "नाही. पोट बिघडलंय जरा. अर्धा दिवस जाऊ का?" "अहो जा की, विचारता काय," ते म्हणाले, "लिंबूपाणी घ्या." मी पुन्हा तेच केलं होतं. पुन्हा एका चांगल्या माणसासमोर तोंड उघडलं आणि सोपं ते बोललो. रस्त्यावर आलो तर दुपारचं ऊन, आणि सगळी माणसं चालत होती. एरवी मला माणसांचे चेहरे दिसतात. आज नुसते खुबे दिसत होते, पिशव्या घेतलेले, जिने चढणारे, सिग्नलला एका पायावर भार टाकून उभे राहिलेले. सांगितलं तर काय होईल याचा मी चालता चालता विचार केला. नोकरी जाईल. ती गेली तर गेली, तीन वर्षांनी जाणारच होती. पण ताईला पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. दुसऱ्या वेळचं ऑपरेशन पहिल्यासारखं नसतं. हाड आधीच कोरलेलं असतं, आणि ती आता त्रेसष्ट वर्षांची आहे. नाही सांगितलं, तर एक दिवस जिन्याच्या त्या वळणावर अस्तर तुटेल आणि गोळा धातूवर घासेल. म्हणजे कसंही केलं तरी तिलाच कापायचं. मी उगाच दोन चौक लांबून गेलो, तरी घर आलंच.

ताई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. "लवकर कसा?" तिनं आतूनच विचारलं. मी म्हटलं, "काम नव्हतं." शिलाई मशीनच्या उजव्या बाजूला चार नंबर होता, टाचण्यांनी भरलेला. चाचणीतले तुकडे दोन वर्षं ठेवतात आणि मग टाकून देतात. टाकायच्या दिवशी मी तो खिशात घालून घरी आणला होता. का आणला ते मला सांगता येणार नाही. टाकवेना एवढं खरं. ताईनं तो टेबलावर पाहिला आणि म्हणाली, "हे टाचण्यांना बरं आहे." मी सांगितलं, तुझ्या आत आहे ना, तसंच आहे हे. "अगंबाई!" म्हणून ती केवढी हसली होती. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक बाईला ती टाचण्या दाखवून सांगायची, असली वाटी माझ्या आत आहे, माझ्या भावानं तपासलेली. बायका वाटी हातात घेऊन पाहायच्या. अडीच वर्षं चार नंबर असा सगळ्यांच्या हातून फिरत होता, माझ्या डोळ्यांसमोर, आणि एकदाही खाली पडला नव्हता.

मी तो खिडकीशी नेला. टाचण्या खिडकीच्या कट्ट्यावर ओतल्या, काही खाली सांडल्या. भिंग लावलं. कपची उडालेली जागा ओळखीची होती. तिच्या खाली, खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी भेग. त्या वेळी मी उजेडात धरलं तेव्हा ती दिसली होती का? मला आता खरंच आठवत नाही, आणि माझ्या आठवणीवर माझाच विश्वास उरलेला नाही.

"टाचण्या का ओतल्यास?" ताई दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. सांडलेल्या पाहून ती वेचायला वाकली. मी ओरडलो, "वाकू नकोस!" पण ती अर्धी वाकलीच होती, आणि टक् झालं. आम्ही दोघांनी ऐकलं. ताई सरळ झाली, खुर्चीचा हात धरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "हवेनं वाजतं."

"कधीपासून?"

"झाले सातआठ महिने."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? तू सगळीकडं सांगत फिरतोस, ताईला मी तपासलेलं बसवलंय. मी म्हटलं, आपलाच पाय वाकडा पडत असेल. दुखत तर नाही. तुला कशाला उगाच घोर." तिनं खुर्ची ओढून बसून घेतलं. "ऐकलंस ना सकाळी? मला कळलं होतं. नाडी बांधायला कुणी एवढा वेळ लावतं?"

मग मी सांगितलं. जमिनीवर बसून, एकेक टाचणी वेचत सांगितलं, म्हणजे तिच्याकडं बघावं लागू नये. ओला चिमटा, फरशी, आवाज, साहेब, खणातल्या तीन चिठ्ठ्या. सांगताना माझा आवाज लहान होत गेला. लहानपणी काही फोडलं की मी असाच तिच्यासमोर बसायचो, आणि ती आधी एक धपाटा घालायची, मग जाऊ दे म्हणायची. मला ते जाऊ दे हवं होतं. ते मिळालं असतं तर मी उद्या कामावर गेलो असतो, काच सरकवली असती, श्वास रोखला असता. हे तेव्हा मला कळलं नव्हतं. तिनं धपाटा घातला नाही तेव्हा कळलं.

ताईनं चार नंबर मागून घेतला. भिंग न लावताच काठावरून नख फिरवलं. चाळीस वर्षांचं नख. ते भेगेवर अडकलं. "शिवणीतच गेलंय," ती म्हणाली. बराच वेळ ती त्या तुकड्याकडं पाहत होती, आणि दुसरा हात आपल्या कमरेवर होता. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. मग विचारलं, "असली किती जणांना बसवलीत?"

"नऊ हजारांवर."

"ते वाजलं की कुणाला सांगत असतील?"

मी सांडलेली शेवटची टाचणी वेचली.

"मग मला काय सांगत बसलायस?" ताई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण असा तो मी कधी ऐकला नव्हता. "माझं माझ्यापाशी. मला कापायचं तर कापतील, मी बघेन. त्यांना फोन कर. ऑफिस उघडं असेल ना अजून? इथूनच कर, मला ऐकू येईल असा."

"ताई, उद्या जाऊन—"

"उद्या तू त्यांचं तोंड बघशील आणि पोट बिघडलं म्हणशील." पोटाचं मी तिला सांगितलं नव्हतं.

सव्वाचार वाजले होते. मी भिंतीशी उभा राहून नंबर लावला. ताईनं चार नंबर माझ्या मोकळ्या हातात दिला, मशीनवर जाऊन बसली आणि कुणाचा तरी अर्धवट कोट पुढ्यात ओढला. टाचण्यांना आता वाटी नव्हती, म्हणून तिनं त्या ओठांत धरल्या. पायडलवर पाय ठेवला, पण दाबला नाही. पलीकडं घंटी वाजत राहिली. मग साहेबांचा आवाज आला, तोच, मायेचा. "बोला. पोट कसंय आता?"

मी म्हटलं, "साहेब, चार नंबर माझ्या हातून पडला नव्हता."

पलीकडं थोडा वेळ नुसतं यंत्र ऐकू येत होतं, सेकंदाला एक पाऊल.

"कुठला चार नंबर?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

मी ताईकडं पाहिलं. ओठांत टाचण्या होत्या, तिला बोलता येत नव्हतं. तिनं हातानंच खूण केली, पुढं बोल. मी चार नंबर घट्ट धरला आणि पहिल्या वजनापासून सांगायला सुरुवात केली.